‘सोसायटी’ म्हणजे नेमकी कोणती? : एका समूहवाचक शब्दाचे अर्थ आणि व्यवहार

इंग्रजीतून मराठीत आलेल्या समूहवाचक शब्दांपैकी ‘सोसायटी’ हा शब्द इतका रुळला आहे की तो परका आहे याची जाणीवही सहसा होत नाही. मात्र हा एकच शब्द वेगवेगळ्या ठिकाणी वेगवेगळी वस्तू दाखवतो. खेड्यात ‘सोसायटीचे कर्ज’ म्हटले की पीककर्ज देणारी सहकारी संस्था डोळ्यांसमोर येते, शहरात ‘सोसायटीची मीटिंग’ म्हटले की सदनिकाधारकांची सभा समजली जाते, शाळा-महाविद्यालयांच्या संदर्भात ‘सोसायटी’ म्हणजे त्या शाळा चालवणारी शिक्षणसंस्था असते आणि समाजशास्त्राच्या इंग्रजी पुस्तकात तोच शब्द संपूर्ण मानवी समाजासाठी योजलेला आढळतो. बोलताना संदर्भ जवळच असल्याने घोटाळा होत नाही. परंतु ठेव ठेवताना, घर विकत घेताना, देणगी देताना किंवा इंग्रजी मजकुराचा मराठी अनुवाद करताना हा संदर्भ सुटला, तर चूक केवळ भाषेची राहत नाही, तिचे परिणाम पैशात आणि हक्कांत मोजावे लागतात. म्हणून या शब्दाचे मुख्य अर्थ कोणते, प्रत्येक अर्थामागे कोणता कायदा उभा आहे आणि सदस्याला त्यातून प्रत्यक्षात काय मिळते, याचे विवेचन येथे केले आहे. त्यामागील मुख्य सूत्र असे की सदस्याचे हक्क पाटीवरच्या ‘सोसायटी’ या शब्दातून नव्हे, तर त्या संस्थेची नोंदणी ज्या कायद्याखाली झाली असेल त्या कायद्यातून उत्पन्न होतात.

मूळ शब्द आणि त्याचे चार अर्थ

लॅटिन भाषेत ‘सोशियस’ म्हणजे सोबती किंवा भागीदार, आणि त्यावरून बनलेला ‘सोसिएतास’ हा शब्द सोबत, भागीदारी आणि काही हेतूने केलेली जूट अशा तिन्ही छटांनी वापरला जाई. फ्रेंच भाषेमार्फत तो इंग्रजीत आला आणि या तिन्ही छटा त्याने सोबत आणल्या, म्हणून आजच्या इंग्रजीत त्याचे चार ठळक अर्थ दिसतात. पहिला अर्थ व्यापक मानवसमूहाचा, ज्याला मराठीत ‘समाज’ म्हणतात. दुसरा अर्थ ठरावीक हेतूने एकत्र येऊन नियम करून घेतलेल्या व्यक्तींच्या गटाचा, ज्यासाठी ‘संस्था’, ‘मंडळ’, ‘मंडळी’, ‘सभा’ असे शब्द मराठीत आहेत. तिसरा अर्थ सहवासाचा, म्हणजे कोणाच्या तरी संगतीत असण्याचा; आणि चौथा अर्थ श्रीमंत व प्रतिष्ठित वर्तुळाचा, जो वृत्तपत्रांच्या मेजवान्या-समारंभांच्या पानांवर अजूनही भेटतो.

इंग्रजी मजकूर वाचणाऱ्याने किंवा अनुवाद करणाऱ्याने यांतील कोणता अर्थ अभिप्रेत आहे हे ओळखण्यासाठी वाक्यरचनेकडे पाहावे. शब्द एकवचनी असून त्याच्या आधी कोणतेही उपपद नसेल, तर बहुतेक वेळा ‘समाज’ हा अर्थ लागतो. आधी एकत्वदर्शक उपपद असेल किंवा शब्द अनेकवचनी असेल, तर एखादी संस्था किंवा एखादा विशिष्ट समाज, उदाहरणार्थ कृषिप्रधान समाज, अभिप्रेत असतो. आणि आधी ‘उच्च’ या अर्थाचे विशेषण असेल, तर प्रतिष्ठित वर्गाकडे निर्देश असतो. ‘सिव्हिल सोसायटी’ या जोडशब्दाला मराठीत ‘नागरी समाज’ म्हणतात. त्याचा अर्थ शहरातील लोक असा नसून शासन आणि बाजार या दोहोंच्या बाहेर राहून सार्वजनिक प्रश्नांवर काम करणाऱ्या संघटनांचे क्षेत्र असा आहे, आणि ‘नागरी’ या विशेषणाचा ‘शहरी’ हा दुसरा अर्थ प्रचलित असल्याने हा जोडशब्द प्रथम योजताना त्याचे स्पष्टीकरण देणे हिताचे ठरते.

मराठी बोलीने या चार अर्थांपैकी फक्त दुसरा उचलला. ‘सोसायटी बदलत आहे’ असे मराठी माणूस क्वचितच म्हणतो, तो ‘समाज बदलत आहे’ असेच म्हणतो. याउलट ‘समाजाचा मेंटेनन्स भरला’ असे कोणी म्हणत नाही. म्हणजे मराठीत ‘सोसायटी’ हा शब्द नोंदणी झालेल्या, पदाधिकारी असलेल्या, वर्गणी किंवा भागभांडवल घेणाऱ्या संस्थेपुरता मर्यादित झाला आहे, आणि याच अर्थाच्या आत पुढील सर्व गुंतागुंत दडलेली आहे.

विद्या, संशोधन आणि सेवा यांसाठीच्या सोसायट्या

महाराष्ट्रात हा शब्द प्रथम स्थिरावला तो ज्ञानसंस्थांच्या नावांतून. सर जेम्स मॅकिन्टॉश यांच्या पुढाकाराने १८०४ साली मुंबईत स्थापन झालेली लिटररी सोसायटी हीच आजच्या एशियाटिक सोसायटी ऑफ मुंबईची पूर्वज होय. १८४८ साली मुंबईत स्टुडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटी निघाली, १८८३ साली बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटी आणि १८८४ साली पुण्यात डेक्कन एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली, १९०५ साली गोपाळ कृष्ण गोखले यांनी सर्व्हंट्स ऑफ इंडिया सोसायटी उभी केली आणि १९४५ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटीची स्थापना केली. याच काळात त्याच स्वरूपाच्या कामासाठी मराठी शब्दही वापरले जात होते, जसे १८६७ सालचा प्रार्थना समाज, १८७३ सालचा सत्यशोधक समाज आणि कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ साली स्थापन केलेली रयत शिक्षण संस्था. यावरून असे दिसते की नावात ‘सोसायटी’ असणे किंवा नसणे ही संस्थापकांची निवड होती. नावावरून संस्थेचे कायदेशीर स्वरूप ठरत नाही.

अशा संस्थांचे कायदेशीर स्वरूप प्रामुख्याने संस्था नोंदणी अधिनियम, १८६० या कायद्याने ठरते. साहित्यिक, वैज्ञानिक किंवा धर्मादाय हेतूने एकत्र आलेल्या किमान ७ व्यक्ती या कायद्याखाली संस्था नोंदवू शकतात. त्यासाठी दोन दस्तऐवज लागतात: संस्थेचे नाव, उद्दिष्टे आणि पहिल्या कार्यकारी मंडळाची नावे सांगणारा संस्थापन समयलेख, आणि सभासदत्व, सभा, निवडणूक व हिशेब यांचे नियम सांगणारी नियमावली, बोलण्यात या दोन्हींना मिळून ‘घटना’ म्हणतात. महाराष्ट्रात धर्मादाय हेतूची अशी संस्था महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० याखाली सार्वजनिक न्यास म्हणूनही नोंदवावी लागते, म्हणून तिच्या पत्रशीर्षावर बहुधा दोन नोंदणी क्रमांक आढळतात आणि त्यांतील न्यासाच्या क्रमांकाआधी ‘एफ’ हे अक्षर असते. देखरेख धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयाची असते.

या प्रकारच्या सोसायटीचे सर्वांत महत्त्वाचे लक्षण असे की तिच्या मालमत्तेत सभासदाचा वैयक्तिक हिस्सा नसतो. संस्था विसर्जित झाली आणि देणी भागवून काही मालमत्ता उरली, तरी १८६० च्या कायद्यानुसार ती सभासदांत वाटता येत नाही, ती दुसऱ्या संस्थेकडे जाते. म्हणून ‘सोसायटीचे भाग घ्या, शाळा वाढली की लाभांश मिळेल’ असे कोणी सांगत असेल, तर ते विधान या कायद्याच्या मुळावरच घाव घालणारे आहे हे ओळखावे. देणगीदाराने किंवा नव्या सभासदाने पाहण्याचा मुख्य कागद म्हणजे धर्मादाय कार्यालयातील ‘परिशिष्ट एक’ची नक्कल, ज्यात विश्वस्तांची नावे आणि मालमत्तेची नोंद असते. कार्यकारी मंडळ बदलल्यावर ९० दिवसांच्या आत ‘बदल अर्ज’ दाखल करावा लागतो. अनेक संस्थांतील वाद याच अर्जापाशी अडतात, कारण निवडणूक झाली तरी अर्ज प्रलंबित राहिल्याने परिशिष्टावर जुनीच नावे दिसत राहतात आणि बँकेपासून शिक्षण खात्यापर्यंत सर्वत्र खरे पदाधिकारी कोण, असा प्रश्न उभा राहतो.

सहकारी सोसायटी : शब्दाचे दुसरे घराणे

दुसरा मोठा प्रवाह सहकाराचा. इंग्लंडमधील मँचेस्टरजवळच्या रॉचडेल या गावी १८४४ साली विणकर आणि इतर कारागिरांनी काढलेली ‘रॉचडेल सोसायटी ऑफ इक्विटेबल पायोनियर्स’ ही आधुनिक सहकारी चळवळीची आरंभसंस्था मानली जाते. खुले सभासदत्व, प्रत्येक सभासदाला एकच मत आणि खरेदीच्या प्रमाणात नफ्याची परतफेड ही तिची तत्त्वे पुढे जगभर पसरली. भारतात कायदा होण्याआधीच, १८८९ साली, बडोद्यात विठ्ठल लक्ष्मण कवठेकर यांच्या पुढाकाराने ‘अन्योन्य सहाय्यकारी मंडळी’ निघाली होती, आणि गुजरातेत सहकारी संस्थेला आजही ‘मंडळी’च म्हणतात. १९०४ साली सहकारी पतसंस्थांचा पहिला अखिल भारतीय कायदा झाला, १९१२ साली तो व्यापक करण्यात आला, मुंबई इलाख्याने १९२५ साली स्वतःचा कायदा केला आणि आज महाराष्ट्रात महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० लागू आहे. २०११ च्या ९७ व्या घटनादुरुस्तीने संघटना व संघ यांच्या जोडीला सहकारी संस्था स्थापन करण्याचा हक्कही अनुच्छेद १९ मध्ये समाविष्ट झाला.

सहकारी सोसायटी आणि १८६० च्या कायद्याखालील सोसायटी यांतील भेद मूलभूत आहे. सहकारी संस्थेत सभासद भाग घेतो, म्हणजे तिच्या भांडवलात पैसा घालतो. संस्था मुख्यतः सभासदांच्याच आर्थिक गरजेसाठी असते. आणि नफा झाल्यास त्यातून लाभांश देता येतो, मात्र महाराष्ट्रात त्याची मर्यादा १५ टक्के आहे. भाग कितीही असले तरी सभासदाला मत एकच असते, आणि कंपनी व सहकारी संस्था यांतला सर्वांत ठळक फरक हाच आहे. पाटीवरून ही संस्था ओळखण्याची खूण सोपी आहे: मर्यादित दायित्वाच्या सहकारी संस्थेच्या नावाचा शेवटचा शब्द ‘मर्यादित’ असा असतो, जो पाटीवर ‘मर्या.’ किंवा ‘लि.’ असा लिहिलेला दिसतो. मर्यादित दायित्व म्हणजे संस्था बुडाल्यास सभासदाची जबाबदारी त्याने घेतलेल्या भागांच्या रकमेपुरतीच राहते. ‘अमुक एज्युकेशन सोसायटी’ या नावापुढे हा शब्द नसतो, ‘अमुक को-ऑप. हौसिंग सोसायटी लि.’ या नावापुढे असतो, आणि एवढ्या एका शब्दाने वाचकाला संस्थेचे घराणे कळते.

गावची सोसायटी

ग्रामीण महाराष्ट्रात केवळ ‘सोसायटी’ म्हटले की विविध कार्यकारी सहकारी सेवा संस्था समजली जाते. बोलीत तिला ‘विकास सोसायटी’ असेही म्हणतात. कर्जपुरवठ्याच्या त्रिस्तरीय रचनेतील ही तळाची पायरी असून तिच्यावर जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँक आणि त्यावर राज्य सहकारी बँक असते. शेतकऱ्याला मिळणारा पैसा बहुधा जिल्हा बँकेचा असतो, परंतु कायद्याच्या दृष्टीने तो सोसायटीचा ऋणको असतो, आणि सोसायटी जिल्हा बँकेची ऋणको असते. हा दुहेरी संबंध लक्षात न घेतल्यामुळे कर्ज फेडूनही बँकेत बाकी का दिसते, असा प्रश्न अनेकांना पडतो. त्याचे उत्तर सोसायटीचे गटसचिव ठेवत असलेल्या सभासदवार खतावणीत आणि तिच्या बँकेकडील भरण्यात शोधावे लागते. म्हणून भरलेल्या प्रत्येक रकमेची सोसायटीची पावती जपून ठेवणे हा सर्वांत सोपा आणि सर्वांत दुर्लक्षित उपाय होय.

या व्यवहारातील एक कागद बारकाईने पाहण्यासारखा आहे. शेतजमिनीवर कर्ज घेताना सभासद विहित नमुन्यात जे घोषणापत्र लिहून देतो, त्याला ‘इकरार’ म्हणतात आणि महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम ४८ नुसार त्यामुळे त्या जमिनीवर सोसायटीचा भार निर्माण होतो. तलाठ्याकडे त्याची नोंद झाली की सातबाऱ्याच्या ‘इतर अधिकार’ या रकान्यात सोसायटीच्या नावाने बोजा चढतो. कर्ज फिटले म्हणजे हा बोजा आपोआप उतरत नाही. सोसायटीकडून बेबाकी दाखला, म्हणजे काहीही येणे बाकी नाही असे प्रमाणपत्र, घेऊन तो तलाठ्याकडे द्यावा लागतो आणि फेरफार मंजूर झाल्यावरच रकाना मोकळा होतो. वारसांपैकी कोणी जमीन विकायला काढतो तेव्हा वडिलांच्या काळात फिटलेल्या कर्जाचा बोजा उताऱ्यावर तसाच असल्याचे आढळते, तोवर दाखला देणारा सचिव बदललेला असतो आणि जुनी दप्तरे शोधण्याची वेळ येते. कर्जफेडीच्या दिवशीच दाखल्याचा अर्ज करणे आणि नंतर नवा सातबारा काढून खात्री करणे हेच श्रेयस्कर.

पतसंस्था आणि बँक

‘क्रेडिट सोसायटी’ला मराठीत ‘पतसंस्था’ असा नेटका शब्द आहे. तिचे काही प्रकार आहेत: एकाच कार्यालयातील किंवा कारखान्यातील नोकरांची पगारदार पतसंस्था, जिचा हप्ता त्याच अधिनियमाच्या कलम ४९ नुसार पगारातून कापून घेता येतो, आणि गावातील वा शहरातील सर्वसामान्यांसाठीची बिगरशेती पतसंस्था. अनेक नामवंत सहकारी बँकांचा जन्म अशा सोसायट्यांतूनच झाला. १९०६ साली स्थापन झालेली शामराव विठ्ठल को-ऑपरेटिव्ह क्रेडिट सोसायटी आणि १९१८ सालची सारस्वत को-ऑपरेटिव्ह बँकिंग सोसायटी या दोन्ही पुढे बँका झाल्या. या इतिहासामुळे पतसंस्था म्हणजे लहान बँकच, असा समज रूढ झाला आहे, आणि ठेवीदाराच्या दृष्टीने तो धोक्याचा आहे.

बँकेला रिझर्व्ह बँकेचा परवाना लागतो आणि तिच्यातील ठेवींना प्रत्येक ठेवीदारामागे ५ लाख रुपयांपर्यंत ठेव विम्याचे संरक्षण असते. पतसंस्थेला हा परवाना नसतो आणि तिच्या ठेवींना हा विमाही लागू होत नाही. बँकिंग नियमन अधिनियमातील २०२० च्या दुरुस्तीनंतर परवाना नसलेल्या सहकारी संस्थेला आपल्या नावात ‘बँक’ हा शब्द वापरता येत नाही, आणि नाममात्र किंवा सहयोगी सभासद करून घेऊन बाहेरच्या लोकांकडून ठेवी गोळा करण्याबाबत रिझर्व्ह बँकेने २०२१ साली जनतेला सावध केले आहे. याचा अर्थ पतसंस्था वाईट असतात असा नव्हे. तिची सुरक्षितता बाहेरच्या विम्यावर नसून तिच्या वसुलीवर, लेखापरीक्षणावर आणि सभासदांच्या लक्षावर अवलंबून असते, एवढाच त्याचा अर्थ. ठेव ठेवण्याआधी संस्थेचा अहवाल मागून त्यातील लेखापरीक्षणाचा वर्ग, थकबाकीचे प्रमाण आणि संचालकांना व त्यांच्या नातेवाइकांना दिलेली कर्जे या तीन बाबी पाहाव्यात. शेजारच्या बँकेपेक्षा बरेच अधिक व्याज देऊ केले जात असेल, तर ते संस्थेच्या भरभराटीचे नव्हे, तर पैशाच्या निकडीचे लक्षण असू शकते.

आणखी एक भेद पाटीवर बारीक अक्षरांत दडलेला असतो. ‘मल्टिस्टेट’, म्हणजे बहुराज्य सहकारी संस्था, महाराष्ट्राच्या कायद्याखाली येत नाही. ती २००२ च्या केंद्रीय कायद्याखाली नोंदलेली असते आणि तिचे नियंत्रण केंद्रीय निबंधकांकडे असते. म्हणून तिच्याविरुद्ध जिल्हा उपनिबंधकांकडे दिलेला अर्ज अधिकारक्षेत्राच्या कारणाने परत येऊ शकतो. २०२३ च्या दुरुस्तीने अशा संस्थांच्या सभासदांच्या ठेवींसंबंधी तक्रारींसाठी सहकार लोकपालाची तरतूद झाली आहे. तक्रारीच्या पहिल्याच ओळीत संस्थेचा नोंदणी क्रमांक आणि कायद्याचे नाव लिहिले, तर बराच कालापव्यय टळतो.

राहण्याची सोसायटी

शहरी मराठीत ‘सोसायटी’ म्हणजे इमारत, तिचे आवार आणि त्यात राहणारी माणसे असा अर्थविस्तार झाला आहे, इतका की ज्या इमारतीची कोणतीही संस्था नोंदलेलीच नाही, तिलाही लोक सोसायटी म्हणतात. मुंबईत या प्रकाराचा आरंभ १९१५ साली गावदेवी येथील सारस्वत को-ऑपरेटिव्ह हाउसिंग सोसायटीने झाला. मघाशी उल्लेखिलेल्या शामराव विठ्ठल सोसायटीमागचे श्रीपाद सुब्राव तालमकी हेच तिचेही प्रवर्तक होते. कायदेशीर भाषेत तिचे नाव ‘सहकारी गृहनिर्माण संस्था’, आणि नोंदणी प्रमाणपत्रावर तिचा वर्ग व उपवर्ग लिहिलेला असतो. ‘भाडेकरू मालकी’ या उपवर्गात जमीन संस्थेची आणि त्यावरील घर सभासदाचे असते, बंगल्यांच्या वसाहती बहुधा या उपवर्गातल्या असतात. ‘भाडेकरू सहभागीदारी’ या उपवर्गात जमीन व इमारत दोन्ही संस्थेच्या मालकीच्या असतात आणि सभासदाला त्याच्या भागांच्या आधारे विशिष्ट सदनिका वापरण्याचा, हस्तांतरित करण्याचा व वारसांना देण्याचा हक्क असतो. बहुतेक सदनिकांच्या सोसायट्या दुसऱ्या उपवर्गात मोडतात, म्हणून भाग प्रमाणपत्र हा कागद तेथे केवळ औपचारिक नसतो. सदनिका घेणाऱ्याने नोंदणीकृत खरेदीखतावर समाधान न मानता भाग प्रमाणपत्राच्या मागील बाजूस आपल्या नावाची हस्तांतरणाची नोंद, तारीख व पदाधिकाऱ्यांच्या सह्या आहेत ना, हे पाहावे.

या संदर्भात तीन गोष्टींत वारंवार गल्लत होते. पहिली अभिहस्तांतरणाची: संस्था नोंदली गेली म्हणजे जमीन तिच्या नावावर झाली असे नाही, विकासकाने अभिहस्तांतरणपत्र करून दिले नसेल, तर १९६३ च्या मालकी हक्काच्या सदनिकांसंबंधीच्या अधिनियमानुसार जिल्हा उपनिबंधकांकडे मानीव अभिहस्तांतरणासाठी अर्ज करता येतो, आणि पुनर्विकासाची चर्चा सुरू होण्यापूर्वी ते काम पुरे झालेले असणे सोयीचे ठरते. दुसरी नामनिर्देशनाची: सभासदाच्या मृत्यूनंतर नामनिर्देशित व्यक्तीच्या नावावर संस्था नोंद करू शकते, परंतु त्यामुळे इतर वारसांचे हक्क संपत नाहीत, ज्याला सदनिका खरोखर एकाच व्यक्तीला द्यायची आहे त्याने मृत्युपत्र करावे. तिसरी गल्लत आकारणीची: सदनिका भाड्याने दिल्यास घ्यावयाचे बिनभोगवटा शुल्क सेवा शुल्काच्या १० टक्क्यांहून अधिक असू शकत नाही, आणि महानगरपालिका क्षेत्रात हस्तांतरण अधिमूल्याची कमाल मर्यादा २५,००० रुपये आहे, ‘आमच्या सोसायटीचा ठराव आहे’ हे उत्तर शासनाच्या आदेशापुढे टिकत नाही.

सोसायटी आणि अपार्टमेंट यांतील फरकही येथेच सांगितला पाहिजे. महाराष्ट्र अपार्टमेंट मालकी अधिनियम, १९७० याखाली घोषणापत्र नोंदवलेल्या इमारतीत प्रत्येक जण आपल्या अपार्टमेंटचा स्वतंत्र मालक असतो आणि जमीन व सामायिक जागा यांत त्याचा ठरावीक टक्के अविभक्त हिस्सा असतो; तेथे असते ती संस्था नव्हे, तर मालकांचे ‘असोसिएशन’, आणि तेथे मतदानही सामान्यतः त्या टक्केवारीनुसार होते. पुण्यात अशा इमारती पुष्कळ आहेत आणि त्यांच्या फाटकावर ‘सोसायटी’ अशी पाटी असली, तरी तेथे भाग प्रमाणपत्र मागणे निरर्थक ठरते. तेथे अपार्टमेंटचे खत आणि घोषणापत्र हे कागद पाहावे लागतात.

राज्याबाहेर आणि देशाबाहेर

सीमा ओलांडली की शब्द तोच राहतो, पण त्यामागचा कायदा बदलतो. गोव्यातील सहकारी गृहनिर्माण संस्थांना महाराष्ट्राचा नव्हे, तर गोवा सहकारी संस्था अधिनियम, २००१ लागू होतो, त्यामुळे मुंबईतील नियमांची पुस्तिका म्हापशात किंवा मडगावात जशीच्या तशी चालत नाही. ब्रिटनमध्ये स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांना ‘बिल्डिंग सोसायटी’ हा शब्द पदोपदी भेटतो, परंतु ती इमारतीची व्यवस्था पाहणारी संस्था नसून ठेवी घेणारी व घरासाठी कर्ज देणारी, ठेवीदार आणि कर्जदार यांच्याच मालकीची वित्तसंस्था असते. बर्मिंगहॅममध्ये १७७५ साली निघालेली केटलीची सोसायटी ही अशा संस्थांतली पहिली ज्ञात संस्था होय. अमेरिकेत वसाहतीच्या देखभालीसाठी ‘घरमालकांचे असोसिएशन’ असते, आणि न्यूयॉर्कमधील ‘को-ऑप’ इमारतीत रहिवाशाकडे घराची मालकी नसून इमारतीची मालक असलेल्या संस्थेचे भाग आणि दीर्घ भाडेपट्टा असतो, म्हणजे ती रचना आपल्या भाडेकरू सहभागीदारी संस्थेच्या पुष्कळ जवळ जाते.

मराठी लेखनात हा शब्द कसा योजावा

लेखकाने आणि अनुवादकाने पाळावयाचे काही संकेत यातून निघतात. शासकीय पत्र, करार, ठराव आणि न्यायालयीन अर्ज यांत ‘संस्था’ हा शब्द वापरावा आणि पहिल्या उल्लेखात नोंदणी प्रमाणपत्रावरील पूर्ण नाव क्रमांकासह द्यावे. ‘सदर सोसायटी’ असे मोघम लिहिले तर एकाच आवारात संस्था, संस्थांचा संघ आणि अपार्टमेंट असोसिएशन अशा तिघी नांदत असतील तेव्हा अर्थाचा गोंधळ होतो. विशेषनामाचा अनुवाद करू नये: डेक्कन एज्युकेशन सोसायटीला ‘दक्षिण शिक्षण संस्था’ म्हटल्यास वाचकाला ती ओळखता येणार नाही. ललित लेखनात, संवादात आणि बातमीत मात्र ‘सोसायटी’ हाच शब्द स्वाभाविक वाटतो; ‘गृहनिर्माण संस्थेच्या गच्चीवर मुले पतंग उडवत होती’ हे वाक्य शुद्ध असूनही कृत्रिम आहे. शब्द स्त्रीलिंगी असून त्याचे अनेकवचन ‘सोसायट्या’ आणि विभक्तिरूपे ‘सोसायटीने, सोसायट्यांना’ अशी होतात. ‘सोसायटीज’ हे इंग्रजी अनेकवचन मराठी वाक्यात आणू नये. ‘समाज’ हा शब्द मानवसमूहासाठी आणि ज्यांच्या नावातच तो आहे अशा संस्थांसाठी राखून ठेवावा, कारण जातिवाचक अर्थानेही तो रूढ असल्याने अनुवादात निष्काळजीपणे वापरल्यास भलताच अर्थ ध्वनित होतो.

निर्णयापूर्वी विचारावयाचे प्रश्न

सही करण्यापूर्वी, पैसे भरण्यापूर्वी किंवा तक्रार लिहिण्यापूर्वी वाचकाने समोरच्या सोसायटीविषयी पाच प्रश्नांची उत्तरे कागदावर मिळवावीत. तिची नोंदणी कोणत्या कायद्याखाली झाली आहे? सदस्याला तिच्यात भाग मिळतो, की केवळ सभासदत्व? मालमत्ता कोणाच्या नावावर आहे? हिशेब तपासणारा आणि देखरेख करणारा अधिकारी कोण, म्हणजे धर्मादाय आयुक्त, जिल्ह्याचे निबंधक कार्यालय की केंद्रीय निबंधक? आणि वाद झाल्यास तो कोठे चालतो? शेवटच्या प्रश्नाला विशेष महत्त्व आहे, कारण सहकारी संस्था व तिचे सभासद यांच्यातील बहुतेक वाद महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम ९१ नुसार सहकार न्यायालयात जातात, तर सार्वजनिक न्यासातील पदाधिकाऱ्यांच्या बदलाचा वाद धर्मादाय कार्यालयापुढे चालतो, आणि चुकीच्या दाराशी गेलेल्या माणसाची मुदत तेवढ्यात संपू शकते. या पाचही प्रश्नांची उत्तरे नोंदणी प्रमाणपत्र आणि उपविधी किंवा नियमावली एवढ्या दोनच कागदांच्या आधारे बहुतांशी मिळतात. ते दाखवण्यास जी संस्था टाळाटाळ करते, तिच्याशी व्यवहार करण्याची घाई करू नये.